भव्य नाट्यप्रयोग पहिल्यांदा पाहायला जाताना काय माहीत असावे?

मोरपीस

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही चौघे एका मोठ्या संगीत नाट्यप्रयोगाला जाणार आहोत. फिरता रंगमंच, खड्ड्यात बसणारा वाद्यवृंद, तीस-चाळीस कलाकार आणि दोन बाल्कन्या असलेले प्रेक्षागृह, असा त्याचा पसारा आहे. लहान नाट्यगृहांतली नाटके मी पुष्कळ पाहिली आहेत, पण तिथे तिकीट काढून आत जाऊन बसले की झाले. इथे आसनांचा आराखडा उघडला तेव्हा नेमके काय निवडावे तेच कळेना, म्हणून तिकिटे अजून काढलेली नाहीत.

सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत. ते श्रवणयंत्र वापरतात आणि त्यांना फार पायऱ्या चढवत नाहीत. नऊ वर्षांची मुलगीही येणार आहे. माझे प्रश्न असे: पहिल्या रांगेसाठी धडपडावे का? कथानक आधी वाचून जावे, की कोरे जावे? किती आधी पोहोचावे? शिवाय प्रयोगाच्या माहितीत ‘या प्रयोगात धुके, मोठे आवाज आणि लखलखणारे दिवे वापरले आहेत’ अशी सूचना आहे. ती गांभीर्याने घ्यायची, की औपचारिकता समजून सोडून द्यायची?

अधाशी प्रेक्षक

मोरपीसताई, पहिल्या रांगेचा मोह आधी सोडा. मी स्वतः तो एकदा पुरवून घेतला आहे. रंगमंच डोळ्यांच्या पातळीच्या वर असल्यामुळे नर्तकांची पावले दिसत नव्हती, आणि चोवीस जणांनी धरलेले वर्तुळ मला एका सरळ ओळीसारखे दिसत होते. मुख्य गायिकेच्या गळ्याची शीर तेवढी स्पष्ट दिसली, हे मात्र कबूल करतो. दोन पात्रांच्या नाटकात असे जवळून पाहणे हेच सुख असते. मोठ्या प्रयोगात समूहाची मांडणी, नेपथ्याची उंची आणि प्रकाशाचे पट्टे हा निम्मा मजकूर असतो आणि तो वाचायला थोडे अंतर लागते.

आसन निवडण्याचा माझा ठोकताळा सोपा आहे. तांत्रिक तालमींच्या दिवसांत दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार तळमजल्यावर साधारण मध्यावर खुर्च्यांवर एक मोठे टेबल टाकून बसतात आणि प्रयोगाचे बहुतेक निर्णय तिथून दिसणारे चित्र पाहूनच होतात. म्हणून तो पट्टा मिळाला तर उत्तम. तो नाही मिळाला, तर बाल्कनीच्या पहिल्या काही रांगा मी तळमजल्याच्या शेवटच्या रांगांपेक्षा केव्हाही पसंत करीन. तळमजल्याच्या मागच्या भागावर बाल्कनीचे छत येते आणि रंगमंचाच्या वरचा तिसरा हिस्सा सरळ कापला जातो. ‘द फँटम ऑफ दि ऑपेरा’ या १९८६ साली लंडनला सुरू झालेल्या प्रयोगाच्या मूळ मांडणीत सुरुवातीलाच एक प्रचंड झुंबर रंगमंचावरून उचलले जाते आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर छतापर्यंत जाते. छताखाली बसलेल्याला ते वर जाताना दिसते, पण वर पोहोचलेले दिसत नाही. बाल्कनीचीही एक खोड असते: अगदी पहिल्या रांगेत बुटक्या माणसाच्या आणि मुलांच्या डोळ्यांसमोर नेमका कठडा येतो. तुमच्या मुलीसाठी दुसरी-तिसरी रांग बरी, आणि उंच उशी मिळते का ते तिकीट काढतानाच विचारा. कडेच्या आसनांवरून समोरच्या विंगेचे दर्शन होते आणि आपल्या बाजूचा कोपरा जातो. आराखड्यात ‘अंशतः दृश्य’ असे लिहिले असेल तर त्यावर शब्दशः विश्वास ठेवावा.

किती आधी पोहोचावे, याचे उत्तर मी स्वतःच्या फजितीने देतो. एका प्रयोगाला मी फक्त सात मिनिटे उशिरा पोहोचलो. मला आत सोडले नाही. बाहेरच्या दालनात भिंतीवर एक लहान पडदा होता, त्यावर रंगमंच बोटाएवढा दिसत होता, आणि तो पाहत मी पंचवीस मिनिटे उभा होतो. उशिरा येणाऱ्यांना कथानकात योग्य खंड येईल तेव्हाच आत घेतात आणि काही प्रयोगांत तो खंड मध्यंतरापर्यंत येतच नाही. त्यातून मोठ्या प्रयोगांचा बार बहुधा सुरुवातीलाच उडतो. वरचे झुंबर घ्या, किंवा १९९७ पासून ब्रॉडवेवर चालू असलेला ‘द लायन किंग’ घ्या. त्याच्या पहिल्याच प्रवेशात प्राणी प्रेक्षकांमधल्या वाटांवरून चालत रंगमंचाकडे जातात. धावतपळत आलेल्याचे नेमके तेच हुकते. दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचा. पाऊण तास हाताशी असला की सासऱ्यांना सावकाश जागेवर नेता येईल, प्रसाधनगृह उरकता येईल आणि डोळे त्या जागेला सरावतील. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि त्यातला मोठा भाग रांगेतच जातो.

कथानकाबद्दल म्हणाल तर पूर्वार्धापुरते वाचा. गाण्यातले शब्द ऐकताच कळतील अशी खात्री धरू नये, विशेषतः चार पात्रे एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गात असतात तेव्हा. कोण कोणाचे कोण लागते एवढे डोक्यात असले की पुरते. शेवट मात्र वाचू नका.

काळा सदरा

मी बरीच वर्षे रंगमंचामागे काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो. प्रेक्षकांना सांगितले जाणारे बहुतेक नियम शिष्टाचाराचे वाटतात, पण त्यांच्यामागे अंधार आणि यंत्रे आहेत.

दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे जातात तेव्हा आमच्याकडे काय चालते ते सांगतो. रंगमंच व्यवस्थापक संहिता समोर ठेवून बसलेला असतो. विंगेत एक लहान दिवा असतो. तो लाल झाला की तयारीत राहायचे, हिरवा झाला की हलायचे. जमिनीवर अंधारात चमकणाऱ्या पट्टीचे बोटभर तुकडे चिकटवलेले असतात आणि टनभर वजनाचे नेपथ्य सरकत असताना कलाकार त्या तुकड्यांच्या भरवशावर धावत असतो. त्या सात-आठ सेकंदांत कोणी प्रेक्षागृहाचे दार उघडले किंवा मोबाइल पेटवला, तर त्या कलाकाराचे डोळे दिपतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ते बिघडायला एक संदेश वाचणे पुरते. बाल्कनीतल्या फोनचा उजळलेला पडदा रंगमंचावरून अगदी स्वच्छ दिसतो. ‘मी कमी प्रकाशात ठेवला होता’ या युक्तिवादाला अर्थ नाही. फोन बंदच करावा, कारण मूक केलेल्या फोनची थरथरसुद्धा खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवली की चार आसनांपर्यंत ऐकू जाते. छायाचित्रणाला तर अनेक प्रयोगांत हक्कांच्या कारणाने पूर्ण बंदी असते.

मधल्या वाटेत पाय किंवा पिशवी ठेवू नका. त्या वाटेने कलाकार येऊ शकतात, मुखवट्यामुळे त्यांना खालचे दिसत नाही, आणि आग लागली तर सगळ्यांना त्याच वाटेने बाहेर पडायचे असते. आगीचा उल्लेख उगाच केलेला नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात दुपारच्या प्रयोगात दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला, आगीपासून बचाव करणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ते नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. कित्येक दारे बंद होती, तर काहींच्या कड्या कशा उघडायच्या हेच लोकांना उमगले नाही. आज धक्क्याने उघडणारी दारे आणि बाहेर पडण्याच्या वाटेच्या उजळलेल्या खुणा दिसतात, त्यामागे अशा दुर्घटना आहेत. जागेवर बसल्यावर आपल्याला सर्वांत जवळचे दार कोणते ते एकदा पाहून ठेवा, आणि सासऱ्यांना तिथवर किती पायऱ्या लागतात तेही.

आता त्या सूचनेकडे येतो. ती खरीच असते. धुके दोन तऱ्हेचे: हवेत तरंगत राहणारे पातळ धुके द्रव तापवून किंवा फवारून करतात आणि प्रकाशाचे झोत दिसावेत म्हणून ते वापरतात, जमिनीलगत दुधासारखे पसरणारे बहुधा कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असते. दमा असणाऱ्याने पुढच्या रांगा टाळाव्यात आणि आपले औषध खिशात ठेवावे. लखलखाटाचे म्हणाल तर सेकंदाला साधारण तीन ते तीस वेळा होणारी उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला झटका आणू शकते. घरात तसा कोणाचा इतिहास असेल, तर तो प्रवेश नेमका केव्हा येतो ते नाट्यगृहाला विचारा. बहुतेक ठिकाणी मिनिटासह सांगतात.

आणखी एक गोष्ट. प्रयोगाच्या दिवशी दालनातल्या फलकावर एखाद्या भूमिकेपुढे वेगळे नाव दिसले तर हिरमुसू नका. मोठ्या संचात काही बदली कलाकार असे असतात की त्यांना समूहातल्या पाच-सहा किंवा त्याहून अधिक जागा पाठ असतात, आणि दुपारी निरोप आला की संध्याकाळी ते त्यांपैकी कोणत्याही जागी उभे राहतात. माझ्या मते नाट्यगृहातले सर्वांत अवघड काम तेच. प्रयोग मध्येच थांबला आणि पडदा पडला तरीही घाबरू नका. फिरता रंगमंच अडकला, तर कोणाचा पाय सापडू नये म्हणून आम्हीच तो थांबवतो. जागेवर बसून राहावे. बहुतेक वेळा दहा मिनिटांत पुढे सुरू होते.

कानोसा

मी स्वतः दोन्ही कानांना यंत्र लावतो, म्हणून सासऱ्यांबद्दल लिहितो. तिकीट काढण्याआधी नाट्यगृहाला विचारा की श्रवणसाहाय्यासाठी कोणती व्यवस्था आहे. लूप, म्हणजे प्रेक्षागृहात फिरवलेले तारेचे वेटोळे, असेल तर ध्वनी थेट यंत्रात येतो, मात्र यंत्राला तो पकडणारी ‘टी’ ही सोय असली पाहिजे आणि ती चालू केलेली असली पाहिजे. बऱ्याच जणांच्या यंत्रात ती असते पण बसवून देताना बंदच ठेवलेली असते, तेव्हा आधी तपासून घ्या. इन्फ्रारेड पद्धत असेल तर ते वेगळा हेडफोन देतात, पण त्यासाठी समोरचा उत्सर्जक आडोशाशिवाय दिसावा लागतो, म्हणून खांबामागची किंवा अगदी कोपऱ्यातली जागा घेऊ नये. हेडफोन मोजके असतात. लवकर पोहोचण्याचे हे आणखी एक कारण.

निव्वळ मोठा आवाज आमच्यासारख्यांच्या कामाचा नसतो, शब्द सुटे व्हावे लागतात. वाद्यवृंदाच्या खड्ड्याला लागून बसलो की तालवाद्ये आणि पितळी वाद्ये शब्दांवर चढतात. फार मागे बसण्याचीही भीती नको. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे चौतीस मीटरवर बसलेल्याला तो एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. पण मागच्या रांगांसाठी लावलेले ध्वनिक्षेपक तेवढाच विलंब मोजून लावलेले असतात, त्यामुळे दोन आवाज एकमेकांवर आदळत नाहीत. शब्दपट्टी दाखवणारे खास प्रयोग काही नाट्यगृहे ठेवतात. तो दिवस मिळाला तर तोच घ्या आणि पट्टी कोणत्या बाजूला असते ते विचारून त्यानुसार आसने निवडा.

‘अधाशी प्रेक्षक’ यांच्याशी एका बाबतीत माझे जमत नाही. ऐकण्यात अडचण असलेल्या माणसाने कथानक शेवटापर्यंत वाचून जावे, जमल्यास गाण्यांचे शब्दही. मला रहस्य फुटल्याचे दुःख कधी झाले नाही. शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारत बसण्याचे झाले आहे.

मोरपीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळमजल्यावर मध्यावरची, पण बाल्कनीच्या छताच्या पुढची चार आसने पाहून ठेवली आहेत. सासऱ्यांच्या यंत्रात ‘टी’ आहे का, हे त्यांनाच माहीत नाही, तेव्हा या आठवड्यात ते काम. कथानक ते पूर्ण वाचतील, मी अर्धे वाचीन.

एकच शंका उरली. मुलीला अचानक झालेला मोठा आवाज सोसत नाही. तिला मध्येच बाहेर न्यावे लागले तर परत आत घेतात का, की तो दरवाजा बंदच?

काळा सदरा

घेतात, पण परत यायला उशिरा आलेल्यांसारखाच खंड मिळेपर्यंत थांबावे लागते. तेव्हा चारपैकी निदान एक आसन वाटेकडेचे घ्या आणि मुलीला त्याच्या शेजारी बसवा. आत जातानाच डोअरकीपरला सांगून ठेवा. तो कोणत्या दाराने न्यायचे ते दाखवतो आणि बॅटरी जमिनीकडे धरून परत आणून सोडतो. उठायचे झालेच तर गाणे संपून टाळ्या सुरू होतील तेव्हा उठा. मुलांसाठी आवाज कमी करणारी कानपट्टी मिळते, ती गळ्यात घालून ठेवली की हवी तेव्हा कानांवर ओढता येते. काही नाट्यगृहे ‘निवांत प्रयोग’ही ठेवतात, त्यांत आवाज आणि लखलखाट सौम्य केलेला असतो, प्रेक्षागृहात मंद उजेड राहतो आणि कधीही आतबाहेर करता येते.

आणि मध्यंतरात तिला मागे वळून बाल्कनीच्या कठड्याकडे पाहायला सांगा. पुष्कळ नाट्यगृहांत तिथे रंगमंचाकडे तोंड केलेला एक पडदा असतो आणि त्यावर वाद्यवृंद चालवणाऱ्याचे हात दिसतात. गायक समोर, आपल्याकडे पाहून गात आहेत असे आपल्याला वाटते. खरे तर त्यांची नजर बऱ्याचदा त्या हातांवर असते. माझी पुतणी उत्तरार्धभर कोण कधी तिकडे पाहतो ते मोजत बसली आणि मोठा स्फोट केव्हा होऊन गेला ते तिला कळलेही नाही.