अप्पांचा आयपॅड उघडायचाय, गणेशचवथीआधी

प्रेषक: धाकटी सून, फोंडा

नमस्कार मंडळी,

बाराव्याला आलेल्यांचे आभार सवडीने मानीनच, आत्ता कामाचं लिहिते. आयपॅड बिघडलेला नाही, लॉक आहे. सहा आकडी पासकोड अप्पांनी कुणाला सांगितलेला नव्हता. सासूबाईंची जन्मतारीख, लग्नाची तारीख, घरचा जुना फोन नंबर, सगळं घालून झालं. आता एक तास थांबा असं येतं, म्हणून मुलांच्या हातातून काढून घेतला आणि कपाटात ठेवला.

आत काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाड्यावरच्या घुमट आरत्यांची, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या आरत्यांची, रेकॉर्डिंगं आणि उत्सवी नाटकांच्या वह्यांची पानं. खिडकीपाशी बसून एकेक पान त्यांनी स्कॅन केलं होतं. मूळ वह्यांची दशा अशी आहे की पान उलटताना कडा हातात येते, आणि मधल्या पानांवर बुरशीचे हिरवट डाग पडून ओळीच्या ओळी गेल्या आहेत. त्यामुळे आयपॅडमध्ये आहे तेच खरं.

बाजारातला दुकानदार म्हणतो, ठेवून जा, संध्याकाळी उघडून देतो. द्यावा का? कुणाला अनुभव असेल तर आजच कळवा, पोरं चवथीच्या आरत्यांसाठी मागे लागली आहेत.

---

प्रेषक: अण्णा, म्हापसा

खुशाल द्या. आमच्या भावाच्या माघारी त्याचा टॅब असाच अडला होता. शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा दुकानात दिला, पोराने बटणं दाबून धरून सगळा पुसला. मग त्याने भावाचा जुना जीमेल आणि पासवर्ड मागितला. तो वहिनींच्या डायरीत होता म्हणून निभावलं. आज नात त्यावर शाळेचा अभ्यास करते. वस्तू कपाटात ठेवून काय उपयोग? बॅटरी फुगते.

मागच्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी हेच म्हटलं होतं की मंडळाने यावर एक कार्यक्रम घ्यावा. कुणी मनावर घेतलं नाही.

---

प्रेषक: भाचा, दुबई

अण्णा, हात जोडून सांगतो, वहिनीला दुकानात पाठवू नका. तुमच्या भावाच्या टॅबमध्ये जपण्यासारखं काही नव्हतं, इथे वस्तू दुय्यम आहे. दुकानदार 'उघडून देतो' म्हणतो याचा अर्थ पुसून देतो. पासकोड नसताना आतला मजकूर तसाच ठेवून आयपॅड उघडणं कंपनीलाही जमत नाही, ती स्वतःच तसं सांगते. आतलं सगळं त्या पासकोडच्या आधारावरच कुलूपबंद केलेलं असतं.

पुसल्यावर दुसरं कुलूप लागतं ते वेगळंच. २०१३ पासून आयपॅडला ॲक्टिव्हेशन लॉक आहे. पुसून कोरा केला तरी तो मामांचाच ॲपल आयडी मागणार. म्हणजे मजकूर गेला आणि आयपॅडही चालेना. ते कुलूप कंपनी काढते, पण खरेदीची पावती दाखवावी लागते. पावती माझ्याकडे आहे, माझ्याच नावावर आहे. मागच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरात सिरीयल नंबर असतो, त्याचा फोटो काढून मला पाठवा.

आता एकही आकडा घालू नका. आधी एक मिनिट, मग पाच, पंधरा, मग तास असं वाढत जातं आणि दहाव्या चुकीनंतर तो कायमचा बंद होतो. सेटिंगमध्ये 'दहा चुकांनंतर पुसा' हे चालू असेल तर तिथेच सगळं संपलं. आयपॅड मीच घेतलेला असल्याने यातला पुढचा निर्णय मला विचारून व्हावा, एवढी विनंती.

---

प्रेषक: वकीलवहिनी, पणजी

> पावती माझ्याकडे आहे, माझ्याच नावावर आहे

भाचेराव, पावती तुमची असली तरी दिलेली भेट ही दिलेलीच. आयपॅड अप्पांचा होता. आणि गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांसारखा सुटत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणजे अर्धा वाटा काकूंचा आधीपासूनच आहे, तो त्यांना वारसाने मिळत नाही. वारसा उघडतो तो उरलेल्या अर्ध्यावर, आणि त्यात मुलं येतात. त्यामुळे निर्णय काकू आणि मुलांनी मिळून घ्यायचा. सगळ्यांची सही असलेलं एक साधं संमतिपत्र आजच करून ठेवा, पुढे कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको.

आता खरी अडचण. आपल्याकडे वारस ठरवायला सब-रजिस्ट्रारकडे, म्हणजे स्पेशल नोटरीपुढे, सक्सेशन डीड करतात. बँकेला ते चालतं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं चढवायलाही चालतं. पण मृताचं खातं पाहू द्यायला कंपनी जिथे कोर्टाचा आदेश मागते तिथे हे डीड म्हणजे आदेश नव्हे, नोटरीपुढचा दस्त आहे. त्या आदेशात मृताचं नाव आणि ॲपल आयडी, ते खातं तेच वापरत होते, अर्जदार त्यांचा कायदेशीर वारस किंवा प्रतिनिधी आहे आणि कंपनीने मदत करावी, असं स्पष्ट लागतं. आपल्याकडे तसा आदेश मिळवायचा नेहमीचा रस्ता इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याचा, गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याखाली, दिवाणी कोर्टात. एका आयपॅडसाठी कुणी इन्व्हेंटरी घालत नाही. पण अप्पांच्या घराची आणि कुळागराची, म्हणजे बागायतीची, वाटणी तशीही व्हायचीच आहे ना? मग वस्तूंच्या यादीत आयपॅड आणि खातं दोन्ही घाला आणि वर लिहिलेले मुद्दे अर्जातच मागा. नंतर वेगळा अर्ज करत बसण्यापेक्षा ते सोपं.

---

प्रेषक: अण्णा, म्हापसा

कोर्टातून उघडायचा म्हणजे चवथ सोडाच, पुढच्या शिगम्यापर्यंतसुद्धा नाही. वकीलवहिनी, आमच्या घरची इन्व्हेंटरी किती चालली ते तुम्हाला माहीत आहे. तोपर्यंत बॅटरीचं काय ते सांगा.

---

प्रेषक: ताई, मडगाव

आयपॅडचं मला कळत नाही, पण कुणी अप्पांच्या सिमचा विचार केला आहे का? खात्यात शिरायचा कोड बहुतेक त्याच नंबरवर येईल. प्रीपेड असेल तर आजच रिचार्ज करा आणि त्यावरून एखादा फोन लावा. तीन महिने कुणी वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि मग तो दुसऱ्याला जातो. आमच्या ह्यांच्या नंबरचं तसंच झालं. एक दिवस नातवाने दाखवलं, ह्यांच्या नावापुढे कुणा परक्या मुलाचा फोटो. त्या मुलाचा काही दोष नाही, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मृत्यूचा दाखला दाखवून सिम घरच्यांच्या नावावर करून घेता येतं. दाखल्याच्या प्रती जास्तच काढून ठेवा, जाईल तिथे मागतात.

---

प्रेषक: भजनी भाऊ, डिचोली

आरत्यांच्या रेकॉर्डिंगांबद्दल दोन शब्द. ती अप्पांनी एकट्याने केलेली नाहीत. घुमट आमच्या मुलांचं, शामेळ, म्हणजे साथीचा ढोल, आमच्यातल्याचं, कासाळे, म्हणजे झांजा, पेडण्याहून आलेले. म्हणून उघडल्यावर एक प्रत भजनी मंडळाकडे पेनड्राइव्हवर यावी, कुणाच्या खाजगी खात्यात अडकून राहू नये. ह्यात काकूंचा वाटा अर्धा की पाव हा प्रश्न येत नाही.

आणि पोरांना आरत्या शिकायला आयपॅड लागत नाही. आम्ही अजून आहोत. रविवारी देवळाच्या सभामंडपात या, घुमटं मी आणतो. सगळी बकऱ्याच्या चामड्याची आहेत. घोरपडीच्या चामड्याला बंदी आहे हे ठाऊक असूनही कुणी जुनं काढून आणतं, म्हणून आत्ताच सांगतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, तो आपण नियम पाळून सांभाळायचा आहे.

---

प्रेषक: वकीलवहिनी, पणजी

भाऊ, वस्तूची मालकी आणि आवाजावरचा हक्क या दोन गोष्टी आहेत. मी पहिलीबद्दल लिहिलं. तुमच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, संमतिपत्रात प्रतीचं वाक्य घालू.

---

प्रेषक: धाकटी सून, फोंडा

भाऊ, रविवारी पोरांना घेऊन येतेच. पण शेवटच्या आरतीची जुनी चाल, ती संथ सुरू होऊन मध्येच पालटते ती, तुम्हीच म्हणाला होता की ती फक्त अप्पांना पूर्ण येत होती. माझा जीव त्या एका रेकॉर्डिंगात अडकला आहे.

सिमचं ताईंनी सांगितलं ते लगेच केलं. दुकानात देणार नाही. भाचा, कोर्टाशिवाय दुसरा काही रस्ता आहे का?

---

प्रेषक: भाचा, दुबई

वहिनी, आहेत दोन. दोन्ही आधी घरात शोधायचे आहेत.

पहिला. डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' अशी सोय आहे. माझ्या माघारी अमक्याला माझं खातं पाहू द्या, असं जिवंतपणीच नेमून ठेवता येतं. तसं केलं की एक ॲक्सेस की मिळते, चौकोनी ठिपक्यांचा कोड असलेला कागदही छापता येतो. मामा कागद जपणारे, त्यांनी छापून ठेवला असेल तर पासबुकाच्या कव्हरात किंवा पोथीत असेल. तो कागद आणि मृत्यूचा दाखला पुरतो, कोर्ट लागत नाही. मंजूर झालं की तीन वर्षं त्या खात्यातले फोटो, नोट्स, फाइली, बॅकअप पाहता येतात. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. ॲक्टिव्हेशन लॉकही त्यातून सुटतं. पण हातातला आयपॅड तरीही पुसूनच वापरावा लागेल, मजकूर मिळेल तो क्लाउडवरचा. म्हणून क्लाउडवर काय गेलं होतं यावर सगळं अवलंबून, फुकटची जागा पाचच जीबी असते.

दुसरा रस्ता मला जास्त आशेचा वाटतो. माळ्यावरचा काळा लॅपटॉप. गेल्या मे महिन्यात आलो होतो तेव्हा मामांचा आयपॅड त्याला जोडून मी आयट्यून्सवर बॅकअप घेतला होता. त्याला पासवर्ड लावलेला नाही हे मला पक्कं आठवतं. लॅपटॉप चालू झाला तर आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हाइसेसखाली आयपॅडचं नाव आणि तारीख दिसेल. आता आयपॅड त्याला जोडू नका, काही उपयोग नाही. बराच वेळ लॉक असलेला आयपॅड पासकोड घेतल्याशिवाय कॉम्प्युटरशी बोलतच नाही. बॅकअपचं फोल्डर मात्र सगळ्यात आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

---

प्रेषक: चिटणीस

सर्वांना विनंती, विषय आयपॅडपुरता ठेवावा. अण्णांची कार्यक्रमाची सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. दरम्यान, मंडळाच्या वर्गणीदारांची अद्ययावत यादीसुद्धा अप्पांकडेच होती. माझ्याकडची प्रत जुनी आहे. आयपॅड उघडला तर ती प्रथम मला पाठवावी, इतरांना परस्पर देऊ नये.

---

प्रेषक: अण्णा, म्हापसा

यादी खजिनदारांकडे जायला हवी, घटनेत तसं आहे.

---

प्रेषक: धाकटी सून, फोंडा

लॅपटॉप चालू झाला. चार्जर शेजारच्या मुलाने जुळवून दिला. आयट्यून्समध्ये अप्पांचं नाव आहे आणि पुढे मे महिन्यातली तारीख. पुढे कुलपाचं चिन्ह नाही, म्हणजे पासवर्ड नाही असं भाचा म्हणतो. फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं आहे आणि ती डिस्क सासूबाईंच्या लोखंडी कपाटात आहे. आरत्या गेल्या चवथीच्या, म्हणजे त्या तारखेच्या आधीच्या, तेव्हा असायला हव्यात. वह्यांची शेवटची काही पानं नंतरची आहेत, ती त्यात नसणार. त्यांच्यासाठी वकीलवहिनी सांगतात तसं यादीत आयपॅड आणि खातं दोन्ही घालू. घरातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, भाऊंच्या प्रतीचं वाक्यही आहे.

लेगसीचा कागद पासबुकात नाही. पोथ्या अजून बघायच्या आहेत.

आता मला एक दुसरा आयपॅड हवा आहे, या बॅकअपमधलं त्यात उतरवायला. अप्पांच्या आयपॅडवर जी सिस्टिम होती तीच किंवा तिच्यापेक्षा नवी चालते, जुनी चालत नाही, आणि तो आधी कोरा करावा लागतो. म्हणून ज्यांच्या आयपॅडमध्ये काही ठेवलेलं नाही त्यांनीच द्यावा. फोंडा, मडगाव, पणजी कुठेही असला तरी येऊन घेऊन जाईन. रविवारी सभामंडपात आणून दिलात तर सगळ्यात बरं, भाऊ तिथे असतील आणि आरती ओळखायला तेच हवेत.