केस स्टडी किती घ्यायच्या? गाईड म्हणतात दहा, मला चार पुरतील असं वाटतंय

पायताणवाली: डिझाइनमध्ये पीएचडी करतेय. कोल्हापुरी चप्पल करणारी घरं नवीन डिझाइन कसं ठरवतात, कारागीर स्वतः किती ठरवतो आणि व्यापारी सांगेल तसं किती होतं, हा विषय. एक घर म्हणजे एक केस. दोन घरं झालीत, एक कोल्हापुरातलं, एक अथणीचं, प्रत्येकी तीन आठवडे. 2019 चा जीआय टॅग (भौगोलिक ओळखीची नोंदणी) महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणून गाईड म्हणतात जिल्ह्यामागे एक घर घे, वर दोन जास्तीची. मला ही जनगणना वाटते.

घाटवाट: गाईडचं बरोबर आहे. केस स्टडीतून सिद्धांत कसा मांडायचा यावरच्या आयझेनहार्टबाईंच्या 1989 च्या पेपरात चार ते दहा केसेस म्हटलंय. दोन घरांत जे दिसलं ते त्या घरांपुरतं की सगळ्या धंद्याचं, हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं तर काय सांगणार?

निवांत_३२: त्या पेपरावर 1991 मध्ये डायर आणि विल्किन्स यांनी उत्तर दिलंय तेही वाचा ना, की केसेस वाढवत गेलं की प्रत्येकीतली खोली जाते. दहा घरं म्हणजे घरटी दोन-तीन दिवस, आणि पाहुण्यासमोर पहिले दोन दिवस कोण खरं बोलतं?

घाटवाट: खोली ठीक आहे हो, पण एकाच घरात रमलं की तेच जग वाटायला लागतं, डिझाइनच्या मास्टर्सला (एमडेस) माझं हेच झालं आणि सगळे निष्कर्ष मागे घ्यावे लागले. बारा तरी घ्या.

निवांत_३२: बारा हा आकडा 2006 च्या गेस्ट वगैरेंच्या अभ्यासातला, घाना आणि नायजेरियातल्या 60 बायकांच्या मुलाखती, बाराव्यापर्यंत बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण त्या मुलाखती आहेत, केसेस नाहीत, आणि एका घरातच सहा-सात जणांशी बोलणं होतं. युजेबिलिटीतले, म्हणजे अॅप-वेबसाइट वापरायला सोपं आहे का हे तपासण्यातले, पाच युजरसुद्धा असेच कुठेही चिकटवतात, ते इंटरफेसमधल्या चुका शोधायला आहेत.

पायताणवाली: कोल्हापुरातल्या घरात वेणी घालणाऱ्या काकूंनी वादीची वीण स्वतःच बदलली होती, व्यापाऱ्याला पत्ताच नाही, आणि हे मला कळलं सोळाव्या दिवशी. दोन दिवसांत उठले असते तर "व्यापारी ठरवतो" एवढंच लिहिलं असतं. अथणीत मात्र व्यापाऱ्याचा फोटो येतो आणि तसंच करून द्यायचं. म्हणून तिसरं घर मधे व्यापारी नसलेलं हवंय, चौथं एकाच व्यापाऱ्याकडे बांधलेलं. केस स्टडीच्या पद्धतीवर पुस्तक लिहिणारे यिन हेच म्हणतात ना, केस सॅम्पलसारखी मोजायची नाही, आधीच्यातून निघालेलं पुढच्या ठिकाणी टिकतं का ते बघायचं.

घाटवाट: हे पटलं, पण मग तिसऱ्या घरी जायच्या आधीच लिहून ठेव की तिथे काय दिसेल असं तुला वाटतंय, तारखेसकट. नंतर लिहिलं तर जे दिसेल ते बरोबरच वाटतं. आणि चौथं घर उलटं निघालं तर?

पायताणवाली: तर पाचवं घ्यावंच लागेल, त्याला माझी ना नाही. आज रात्री लिहून काढते. सांगली किंवा साताऱ्याकडे थेट गिऱ्हाइकाला विकणारं घर कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा, तीन आठवडे राहू देणारं हवं.