मदत हवी आहे: क्लोनाझेपाम ०.२५ च्या खाली कसं उतरायचं?

झोपेसाठी बरीच वर्षं क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत ०.२५ वर आलोय. अडकलंय इथेच. ०.२५ ची गोळी अर्धी केली की डोस एका फटक्यात निम्मा. दोन-तीन रात्री बऱ्या जातात आणि मग झोप उडते, धडधड सुरू. (औषध शरीरात रेंगाळतं, त्यामुळे त्रास उशिरा कळतो.) दिवसाआड घेणं नको, पातळी वरखाली होते. एकदम बंद तर नाहीच, फिट येऊ शकते.

उठायची वेळ पक्की, दुपारची झोप आणि संध्याकाळची कॉफी बंद, मेलाटोनिन निरुपयोगी. दारू नाही, घोरणं नाही, थायरॉइड नॉर्मल.

डॉक्टरांशी बोलण्याआधी विचारतोय: ०.२५ च्या खाली उतरलेल्यांनी दर पायरीला किती टक्के कमी केलं, किती आठवडे थांबलात, आणि इतका बारीक डोस मोजला कसा?