हामानाको सायकल-फेरी: नोव्हेंबरच्या सहलीसाठी विचारणा

प्रेषक: सहल समिती (निशिकासाई)

नमस्कार मंडळी,

दिवाळीची गडबड आटोपली की २३ नोव्हेंबरच्या जोडून सुट्टीत सायकलींची सहल काढावी असं घाटतंय. पाच-सहा घरं तयार आहेत. सायकल सगळ्यांना येते, पण ती स्टेशन ते घर आणि नदीकाठी रविवारी एखादी चक्कर, एवढीच. दोन मुलं नववी-दहावीतली आहेत. आधी बिवाको सरोवर सुचवलं होतं, पण ती फेरी जवळजवळ दोनशे किलोमीटरची, आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून हामामात्सुजवळच्या हामानाको तलावाचा विचार चाललाय. एका दिवसात होईल का? कुठून सुरुवात करावी? आणि शाकाहारी मंडळींनी खायचं काय? त्या बाजूला राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: हामामात्सुहून काका

ताई,

हामानाको निवडलंत हे वाचून फार आनंद झाला. इथे नोकरीसाठी आलो आणि मग इथलाच झालो. कारखान्यांच्या या गावाला एवढं मोठं पाणी लागून आहे, हे टोकियोकरांना शिंकान्सेनच्या खिडकीतून अर्धा मिनिट दिसतं आणि संपतं. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

हा तलाव मुळात गोड्या पाण्याचा. समुद्र आणि तो यांच्यामध्ये वाळूचा पट्टा होता. १४९८ च्या मेइओ भूकंपाने आणि त्यासोबत आलेल्या त्सुनामीने तो पट्टा फोडला आणि समुद्र आत शिरला. त्या तोंडाला इमागिरे-गुची म्हणतात. तेव्हापासून पाणी मचूळ, आपल्या कोकणातल्या खाडीसारखं भरती-ओहोटीवर चालणारं. इथली ऊनागी (वाम मासा), शिंपल्या, नोरी (समुद्री शेवाळ) हे सगळं त्या एका भूकंपानंतरचं जग आहे.

वाळूचा पट्टा तुटला तसा रस्ताही तुटला. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला तोकाइदो या जुन्या हमरस्त्याने पायी निघालेला माणूस माईसाकाला येऊन थांबायचा आणि होडीने पलीकडे आराईला उतरायचा. उतरला की समोर चौकी. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, या दोन्हींवर तिथे करडी नजर असे. दाइम्योंच्या, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांच्या, बायकामुलांना एदोत ओलीस ठेवलेलं असायचं. त्यातली कुणी गुपचूप गावाकडे निघाली, तर नवऱ्याच्या मनात बंड आहे असा संशय. बायकांची तपासणी करायला बायकाच नेमलेल्या होत्या. आराईची ती चौकी आजही उभी आहे. १८५४ च्या भूकंपात पडल्यावर पुन्हा बांधलेली ही इमारत, पण तोकाइदोवर जागच्या जागी टिकलेली एवढीच. मुलांना इथे निवांत वेळ द्या, दहा मिनिटांत उरकू नका.

होडी आणि ही चौकी टाळण्यासाठी पुष्कळ बायका तलावाच्या उत्तरेकडून डोंगराच्या कडेने जात. ती वाट हिमे-काइदो. चौकी तिकडे किगालाही होती, पण निदान समुद्राच्या तोंडावरून होडीत बसायचं नव्हतं. तुमची फेरी म्हणजे या दोन्ही रस्त्यांना जोडणारं कडं आहे: खाली तोकाइदो, वर हिमे-काइदो.

आता वाट. बेन्तेनजिमा स्टेशनवर उतरा. पाण्यात उभं असलेलं लाल तोरी, म्हणजे शिंतो देवळाची असते तशी कमान, दिसेल, ते १९७३ मधलं, पर्यटकांसाठी उभारलेलं. फोटो काढा आणि आधी थोडं मागे माईसाकाला जा. तिथे जुन्या तोकाइदोची पाइनच्या झाडांची सुमारे सातशे मीटरची रांग आहे, ती चुकवू नका. मग पूर्व काठाने उत्तरेला. हा भाग सगळ्यात सोपा, बऱ्याच ठिकाणी पाण्यालगत सायकलवाट आहे. हामानाको गार्डन पार्क वाटेत लागतं, २००४ चं पुष्पप्रदर्शन झालं ती जागा. पुढे कानझान्जी, गरम पाण्याचे झरे, तलावावरून पलीकडच्या डोंगरावर जाणारा रोपवे. तिथून किगा, मग साकुमे, मग मिक्काबी. नोव्हेंबर-डिसेंबरात मिक्काबीच्या उतारांवर संत्र्यांच्या बागा भरलेल्या असतात. कडेला माणूस नसलेल्या टपऱ्या लागतील. डब्यात नाणी टाकायची आणि मिकानची पिशवी उचलायची, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. पश्चिम काठाने वाशिझु, आराई, आणि जुन्या पुलांवरून पुन्हा बेन्तेनजिमा.

समुद्राच्या तोंडावरचा उंच पूल नकाशात मोहात पाडतो. तो बायपासचा आहे, सायकलींसाठी नाही.

एकूण अंतर साधारण ६५ ते ७० किलोमीटर. काठाचे सगळे फाटे धरले तर शंभराच्या वर जाईल, पण फेरीची नेहमीची वाट काही फाटे पुलांवरून ओलांडते. एका दिवसात होते का? होते. तरी तुम्ही दोन दिवस घ्या. नोव्हेंबरअखेर पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. एका दिवसात बसवायचं म्हटलं की पहिला बळी चौकीचा जातो, दुसरा संत्र्यांच्या बागांचा. मग घड्याळाकडे बघत पुरा केलेला एक गोल, एवढंच हाती राहतं.

---

प्रेषक: नागोयाहून

काकांनी लिहिलेलं सगळं पटलं, फक्त एक दिवसाबद्दल थोडं वेगळं मत आहे. सामान हॉटेलवर ठेवून सकाळी साडेसहाला निघणाऱ्यांना ही फेरी एका दिवसात आरामात होते, आणि पूर्ण वर्तुळ स्वतःच्या पायांनी पुरं केल्याचा आनंद नववी-दहावीतल्या मुलांना खूप मोठा असतो. तो हलका समजू नये. पण घरांचा गट आहे, वेग सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याचा, म्हणून तुमच्यासाठी दोन दिवसच बरे.

दिशा मात्र कुठल्याही परिस्थितीत बदलू नका. तलाव डाव्या हाताला, म्हणजे घड्याळाच्या उलट. जपानात आपण डावीकडून चालवतो, तेव्हा पाणी आपल्या बाजूला राहतं, थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरं कारण वाऱ्याचं. एन्शूचा, म्हणजे हामामात्सुच्या या भागाचा, काराक्काझे, वायव्येकडून येणारा कोरडा वारा, हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो. त्याचा खरा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी, पण नोव्हेंबरअखेरही एखादा दिवस असा येतो की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे पाय भरतात. काकांच्या वाटेने गेलात तर पूर्व आणि उत्तर काठावर वारा समोरून मिळतो आणि मिक्काबीनंतर दक्षिणेला वळलात की पाठीशी येतो. मुक्काम उत्तर काठावर करा. कष्टाचा भाग पहिल्या दिवशी ताज्या पायांनी होतो आणि दुसऱ्या दिवशी वारा घरी आणून सोडतो.

मधेच कुणी थकलं तर उत्तर काठावर तेनहामा लाइन आहे, एका डब्याची डिझेल गाडी. हिचा इतिहास मला फार आवडतो. तोकाइदो मुख्य मार्गाचे पूल तलावाच्या तोंडाशी, समुद्रावरून मारा झाला तर देशाची मुख्य रेल्वेच तुटेल, या भीतीने तलावाला मागून वळसा घालणारी ही लाइन बांधली. १९४० मध्ये ती पूर्ण झाली. १९८७ पासून स्थानिक कंपनी चालवते. हामानाको-साकुमे स्टेशनावर हिवाळ्यात युरिकामोमे या समुद्रपक्ष्यांचे (कुरवांचे) थवे फलाटावर उतरतात. तुमच्या तारखेला त्यांचं येणं सुरू झालेलं असतं. गाड्या तासाला एखादीच, वेळापत्रक फोनमध्ये ठेवा.

स्वतःच्या सायकली नेणार असाल तर रिंको-पिशवीत (सुटी केलेली सायकल गाडीतून न्यायची पिशवी) पूर्ण झाकून, सॅडलसुद्धा बाहेर दिसता कामा नये. हामामात्सुला नोझोमी ही शिंकान्सेन थांबत नाही, कोदामा किंवा ठरावीक हिकारी गाड्या बघा, आणि डब्याच्या शेवटच्या रांगेतली मोठ्या सामानाची सीट आधीच आरक्षित करा. पिशवी बांधायचा सराव घरी दोनदा तरी व्हायला हवा. फलाटावर पहिल्यांदा चाक काढायला बसलं की गाडी निघून जाते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तिथे भाड्याने घ्यावी. हेल्मेट सगळ्यांना, आणि सायकलचा विमा आहे का ते तपासा, शिझुओका प्रांतात तो बंधनकारक आहे.

---

प्रेषक: सहल समिती (निशिकासाई)

दोघांचेही मनापासून आभार. घरोघर वाचून दाखवलं, आणि चौकीच्या गोष्टीनंतर मुलीच मागे लागल्या आहेत की आराईला नक्की थांबायचं. दोन दिवस ठरले. आता जेवणाचं राहिलं. आमच्यात निम्मे पूर्ण शाकाहारी, अंडंही न खाणारे दोघे.

---

प्रेषक: हामामात्सुहून काका

खाणाऱ्यांना काळजी नाही. इथे ऊनागी टोकियोकडच्या कांतोसारखी पाठीतून चिरलेली मिळते, ओसाकाकडच्या कान्साईसारखी पोटातूनही मिळते, कारण आपण दोन्हींच्या सीमेवर आहोत. मात्र जपानी ऊनागी आता धोक्यातल्या प्रजातींत मोजतात, २०१४ पासून. मी स्वतः वर्षातून एखाद्या वेळी खातो आणि मुलांनाही हे सांगून मगच खायला द्यावं असं मला वाटतं.

न खाणाऱ्यांना काठावरच्या हॉटेलांत अवघड आहे. सोबा नूडल्सच्या रश्शातही माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतो आणि विचारलं तरी पुष्कळदा 'मासा नाही, फक्त दाशी' असं उत्तर मिळतं. म्हणून पहिल्या दिवसाचं दुपारचं घरून आणा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दोन दिवस टिकतं, सायकलवर सांडत नाही आणि थंडीत अंगाला लागतं. मुक्कामाच्या जागी आठवडाभर आधी फोन करून दाशीसुद्धा नको असं स्पष्ट सांगावं लागेल. तो फोन मी करतो, जपानीत नीट समजावता येईल. हामामात्सुत परत आल्यावर भारतीय जेवण मिळेल. शिवाय १९९० च्या कायद्यातल्या बदलानंतर इथे ब्राझीलहून पुष्कळ कुटुंबं आली, त्यांच्या दुकानांत चीजचे गोल पाव मिळतात. त्यात अंडं असतं, तेवढं त्या दोघांना सांगा.

किती जणांच्या सायकली भाड्याने लागतील आणि उंची काय, ते महिनाअखेरपर्यंत कळवा. सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या मापाच्या आधी संपतात. पहिल्या दिवशी बेन्तेनजिमापासून किगापर्यंत मी बरोबर चालवतो, पुढे संध्याकाळी मुक्कामावर सामान घेऊन गाडीने येईन.