प्रतिसाद: कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठताच असं नाही

बारा वर्षांचा बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये सारखा बसून कुंथतोय, इसबगोल द्यावं का, असं एकांनी विचारलंय. आधी लघवी होतेय का ते बघा. ट्रे रिकामा करून थोडीच वाळू घाला आणि लघवीने झालेले ओले गोळे मोजा. एकही नसेल, पोटात मागच्या बाजूला लिंबाएवढा टणक गोळा लागत असेल किंवा उलट्या होत असतील, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

लघवी भरपूर होत असेल आणि शी खड्यांसारखी, तर मूत्रपिंडाची तपासणी करा: रक्तातलं क्रिएटिनिन आणि एसडीएमए (मूत्रपिंड किती काम करतंय ते यावरून कळतं), लघवीची घनता. मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही, म्हणून आतडं शीमधलं पाणी शोषून घेतं. अशा वेळी इसबगोल उलटं पडतं, फुगून आणखी घट्ट बसतं. त्यापेक्षा लॅक्टुलोज (शी मऊ करणारं पातळ औषध) बरं, मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडूनच. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के, ओल्यात ७५च्या पुढे. म्हणून ओलं खाणं द्या, पण बदल आठवडाभरात हळूहळू करा. माणसांचा फॉस्फेट एनिमा (पोट साफ करायला गुदद्वारातून देतात ते औषध) मात्र चुकूनही नको, मांजराला तो जीवघेणा ठरतो.

आणि हो, ट्रेची कड उंच आहे का? सांधे दुखणारं म्हातारं मांजर चढायचं टाळतं आणि शी रोखून धरतं.