मदत हवी आहे: ईम्स लाउंज चेअरच्या गादीमागचा तडकलेला प्लास्टिकचा पाठा

हर्मन मिलर कंपनीची जुनी ईम्स लाउंज चेअर (प्लायवूड आणि चामड्याची आरामखुर्ची) आहे. चामडं आणि प्लायवूड उत्तम, पण पाठीच्या गादीमागचा कडक काळा प्लास्टिकचा पाठा गादी खुर्चीला अडकवणाऱ्या क्लिपच्या दोन भोकांपासून तडकलाय. मोठी चीर साधारण ९ सेंमी. टेकलं की गादी एका बाजूने सुटते.

आधी झटपट चिकटणारा गोंद लावला, दोन दिवसांत सुटला. मग घासून दोन भागांचं इपॉक्सी भरलं, तेही महिन्याभरात त्याच रेषेत फुटलं, कारण पाठा तिथेच वाकतो. चिरेच्या टोकांना बारीक भोकं पाडली आहेत, त्यामुळे ती पुढे सरकलेली नाही. आतल्या बाजूला ॲसिटोनचा थेंब टाकल्यावर प्लास्टिक मऊ, चिकट झालं, म्हणून एबीएस (ॲसिटोनमध्ये विरघळणारं एक कडक प्लास्टिक) असावं असं वाटतं.

चेन उघडून फोम काढता येतो, पण चामडं पाठ्याच्या कडेला शिवलेलं आहे आणि ती मूळ शिवण मला कुठल्याही परिस्थितीत उसवायची नाही. नवी गादीही नको. मागून ठिगळ दिसलं तरी चालेल.

एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून आतून फायबरग्लासच्या कापडासह थर दिला, तर क्लिपचा ताण तो पेलेल का? की २ मिमी एबीएस पत्र्याचं ठिगळच बसवावं? आणि शिवणीजवळ ॲसिटोन वापरताना चामड्याचा रंग कसा वाचवायचा?