‘बोली गूगलवर सोडा’ म्हणणाऱ्यांनी आधी एक मोसम आंबा विकून दाखवावा

पाडाचा_आंबा
काल ‘डिजिटल_दादा’ यांनी लिहिलं, की गूगलवर जाहिरात देताना नवशिक्याने कीवर्डची (ज्या शोधशब्दावर जाहिरात दिसावी त्याची) बोली, म्हणजे एका क्लिकला मोजायची रक्कम, स्वतः लावायच्या फंदात पडूच नये. ‘मॅक्झिमाइझ कन्व्हर्जन्स’ निवडावं, म्हणजे जास्तीत जास्त ऑर्डरी आणायला बोली गूगलचं यंत्रच लावतं, आणि निवांत झोपावं. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना.

दादा, आमचा धंदा मार्चमध्ये सुरू होतो आणि मे संपता संपता आटोपतो. गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच एका जाणकाराचं ऐकून पहिल्या दिवसापासून ऑटोवर टाकलं. तीन आठवडे यंत्र ‘शिकतंय’ एवढंच दिसत होतं. त्याचं शिक्षण होईस्तोवर अर्धी बाग उतरली.

त्यात आमच्या ऑर्डरी येतात व्हॉट्सअ‍ॅपवर. गूगलला कळतं ते फक्त बटण दाबलेलं. ‘भाव काय?’ विचारून गुल होणारा आणि चार पेट्या नेणारा, दोघं त्याच्या लेखी एकच. भाव विचारणारे स्वस्तात मिळतात, त्याने तेच गोळा करून आणले. गूगलच्या हिशेबात ‘कन्व्हर्जन्स’ ४१, पेट्या गेल्या ६.

यंदा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. पाच डझनांच्या पेटीमागे खोकं, पेंढा, कुरिअर वजा जाता ६०० सुटतात. साइटवर आलेल्या शंभरातले तिघं घेतात. म्हणजे शंभर क्लिकांचे १८००. एका क्लिकला १८ मोजले तर मी फुकट राबलो, म्हणून त्याच्या निम्मी, कमाल बोली ९. यात यंत्राला विचारण्यासारखं काय आहे?

डिजिटल_दादा
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. रात्री मोबाइलवर ‘हापूस पेटी घरपोच पुणे’ शोधणारा आणि दुपारी ऑफिसात बसून नुसतं ‘हापूस’ टाकणारा, दोघांसाठी तुमची बोली ९ च. पहिल्याला २५ दिले तरी परवडतं, दुसऱ्याला २ सुद्धा जड. दर शोधामागे जाहिरातींचा लिलाव होतो; वेळ, जागा, फोन बघून दर लिलावाला वेगळी बोली तुम्ही हाताने कशी लावणार? अढी लावायची सोडून?

तुमचं दुखणं बोलीचं नाही, मोजणीचं आहे. ऑर्डर पक्की झाली की ती गूगलला मागाहून कळवता येते. ते केलं नाहीत आणि यंत्राला शिव्या घालताय. पूर्वी ‘एन्हान्स्ड सीपीसी’ची मधली वाट होती (बोली तुमची, गूगल ती थोडी वरखाली करायचं), ती सर्चसाठी मार्च २०२५ च्या अखेरीस बंद झाली.

पाडाचा_आंबा
कळवता येते! बागेत रेंज येत नाही, मी तिथे क्लिकांचे नंबर जुळवत बसू? आणि दोघांना वेगळी बोली लावायला दोन वेगळे कीवर्ड पुरतात, दादा.

खडूस_काकू
दोघांचंही चालू द्या. पण बोली ९ की २५ यावर डोकं फोडण्याआधी कोणी सर्च टर्म्सचा रिपोर्ट, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं ती यादी, उघडलाय का?

मी फराळ विकते. पहिल्या वर्षी ‘चकली’ असा मोकळा कीवर्ड टाकला, ब्रॉड मॅचवर, म्हणजे चकलीशी संबंधित कुठल्याही शोधावर जाहिरात दिसणार. दोन दिवसांत २३४० रुपये गेले. कशावर गेले, तर ‘चकली मऊ का पडते’, ‘चकलीचा सोऱ्या’, ‘चकली तेलात का विरघळते’. अख्ख्या महाराष्ट्राच्या बिघडलेल्या चकल्यांचा खर्च मी उचलला! नंतर ‘कृती’, ‘सोऱ्या’, ‘का’ हे शब्द निगेटिव्हमध्ये (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाकले तेव्हा कुठे श्वास घेतला.

आणि ठिकाण ‘पुणे’ निवडलंत म्हणून खुशीत राहू नका. मुळात जे सेटिंग असतं त्यात पुण्यात ‘रस असलेले’ लोकही येतात. माझे क्लिक दुबईहून येत होते. डबा तिथे काय मी चालत नेऊन देऊ?

नुकताच_शिकतोय
काकू, धन्यवाद. एक बाळबोध प्रश्न. मी रोजचं बजेट ५०० ठेवलं होतं, एका दिवशी ९८० कापले गेले. हे कायदेशीर आहे का?

खडूस_काकू
आहे. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं, पण महिन्याला ३०.४ पटीच्या वर नाही. म्हणजे तुझं १५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो कुठलाच शिकवणारा सांगत नाही.

देवगडचा_नातू
मूळ मुद्दा वेगळाच आहे. ‘देवगड हापूस’ या शब्दावर बोली लावणारे निम्मे लोक कर्नाटकी आंबा विकतात! त्यांची खरेदी स्वस्त, म्हणून त्यांना क्लिकमागे ३० परवडतात आणि आम्ही ९ वर अडतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढेच जिल्हे. कोण विचारतो?

धारवाडी_पेढा
निम्मे हा आकडा कुठून आणलात? आणि ‘कर्नाटकी’ म्हणजे शिवी आहे का? माझ्या आजोबांनी धारवाडला लावलेली कलमं आहेत. तुमच्या देवगडच्या पेटीत कापल्यावर चार फळांत साका (आतला खराब पांढरट गर) निघतो, तो कुठल्या मानांकनात बसतो?

देवगडचा_नातू
साका निघतो ते मान्य. पण तो देवगडचा साका असतो! तुम्ही खोक्यावर ‘धारवाड’ छापून विका, मी स्वतः दोन पेट्या घेईन. छापता का?

धारवाडी_पेढा
छापतो. फोटो टाकू? दरवर्षी मार्च आला की कोकणवाले आम्हाला चोर ठरवतात, कंटाळा आला आता.

पाडाचा_आंबा
अहो, धागा बोलीवर होता.

देवगडचा_नातू
बोलीवरच बोलतोय. खोटं नाव लावणाऱ्याशी लिलावात उतरायचं असेल तर तुमचे ६०० भागिले काय नि गुणिले काय!

वकील_पण_साधा
दुसऱ्याच्या नावावर बोली लावण्याबद्दल एक भर. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अगरवाल पॅकर्स या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सांगितलं, की ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा ‘वापर’च आहे, गूगल यात नुसतं बघ्या नाही. पण ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर तेवढ्यावर उल्लंघन ठरत नाही. मानांकनाचा कायदा वेगळा, पण धारवाडचा आंबा देवगड म्हणून विकला तर गोंधळ झालाच म्हणायचा.

धारवाडी_पेढा
परत धारवाड! उदाहरणाला दुसरं गाव नाही मिळालं?

वाशीचा_गाळा
मी तीस वर्षं फळबाजारात काढली. आमच्याकडे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, लोक हसायचे. हा लिलाव त्याहून झाकलेला. नवशिक्याला वाटतं १८ लावले की १८ जाणार. तसं नाही, खालच्याला मागे टाकायला लागेल तेवढेच जातात, त्यात जाहिरात आणि पान शोधाशी किती जुळतं तेही धरतात. इथवर ठीक. पण रुमाल गूगलचा, बोटं मोजणाराही तोच. २०२३ मध्ये वॉशिंग्टनला गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्याच जाहिरात विभागाच्या जेरी डिश्लर या अधिकाऱ्याने साक्षीत कबूल केलं, की जाहिरातदारांना न सांगता कधीकधी भाव ५ टक्क्यांनी चढवले जातात. आमचा दलाल निदान चहा तरी पाजायचा.

डिजिटल_दादा
मग ते हाताने लावलेल्या बोलीलाही लागूच आहे ना, शेठ? त्यावर मॅन्युअल हे औषध कसं?

वाशीचा_गाळा
औषध नाही. पण कमाल आकडा माझा असला तर किती ओरबाडायचं याला कुंपण राहतं. तुमचं ‘मॅक्झिमाइझ कन्व्हर्जन्स’ दिलेलं बजेट संपवायलाच बघतं, क्लिक कितीला पडला हे ते विचारत नाही.

डिजिटल_दादा
बरं बाबा. महिन्याला दहा-पंधरा खऱ्या ऑर्डरी मोजता येत नसतील तर ऑटो लावू नका. हे मी काल लिहायला हवं होतं. झालं समाधान? पण पुढच्या वर्षी निदान ऑर्डरींची वही तरी ठेवा.

पाडाचा_आंबा
वही आहे, दादा. आजीच्या काळापासून आहे. ‘मॅक्झिमाइझ क्लिक्स’ (यंत्र बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणतं) लावून वर ९ ची मर्यादा घालून बघतो, तेवढं तुमचं ऐकलं. एरवी पान सुधारल्यापासून क्लिक ६-७ लाच पडतोय.

नुकताच_शिकतोय
दादा, पेट्या शिल्लक आहेत का? गूगलवर शोधलं, तुमची जाहिरात पहिलीच दिसली.

पाडाचा_आंबा
आहेत. पण त्या जाहिरातीवर क्लिक करू नकोस रे बाबा, सरळ नंबर पाठवतो.